चार बोटांची फट

अमेरिकेत कुणालाही आमिश लोकांवर सिनेमा काढायचा असेल, तर त्याने आधी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला येऊन आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांची परवानगी घ्यावी, असा कायदाच व्हायला हवा. सिनेमा सुधारेल की नाही सांगता येत नाही, पण माझे शनिवार तरी वाचतील. काका मूळचे नागपूरचे. वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. रिटायर होऊन मुलीकडे आले, तर इथल्या दुकानांतले सगळे काटे बरोबर निघाले आणि बिचाऱ्यांना करायला काही उरलं नाही. अशात एकदा भाचीला भेटायला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी जाताना, डोंगरांमधल्या एका दरीत त्यांच्या गाडीपुढे घोड्याची बग्गी आली. बग्गीत दाढीवाला, टोपीवाला माणूस, आमिश नावाच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातला. वीज नाही, मोटार नाही, टीव्ही नाही, आणि हे सगळं परवडत नाही म्हणून नव्हे तर नको म्हणून. काका चक्रावले. घरी येऊन त्यांनी आमिश लोकांवरचा मिळेल तो सिनेमा बघायला घेतला, आणि दुसऱ्याच सिनेमात त्यांना चूक सापडली. निरीक्षकाला चूक सापडली म्हणजे काय विचारता! त्या दिवसापासून काका पुन्हा नोकरीवर रुजू झाले ते आजतागायत.

त्यांच्या मुलीच्या घरी सिनेमा मध्येच थांबवायला बंदी आहे. नात वैतागून म्हणते, "आजोबा, इट्स जस्ट अ मूव्ही!" म्हणून ही तपासणी आमच्या हॉलमध्ये चालते. काका रिमोट ताब्यात घेतात, मांडीवर दोनशे पानी वही उघडतात. डाव्या बाजूला 'सिनेमात', उजव्या बाजूला 'खरं'. दीड तासाचा सिनेमा साडेतीन तास पुरतो. एकदा मक्याच्या शेतात नायक-नायिकेची ताटातूट चालली होती, माझी बायको डोळे पुसत होती, आणि काकांनी चित्र थांबवलं. "कोट पाहा त्याचा! बटणं! अरे, त्यांच्या रविवारच्या कोटाला बटणं नसतात बावा, हूक असतात. आणि ही मिशी? दाढी ठेवतात, मिशी काढतात. एवढं साधं त्याला कोणी सांगितलं नाही?" बायको म्हणाली, "काका, ती मरायला टेकलीय हो." काका म्हणाले, "मरू दे, घोडा पाहा." घोडाही चुकला होता म्हणे. आमिश लोकांच्या बग्गीला बरेचदा शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे असतात, "आपल्यासारखे पेन्शनर", आणि हा तर कुठल्या तरी राजपुत्राचा भाड्याने आणलेला दिसत होता. सिनेमातले आमिश उंच कळसाच्या चर्चमध्ये जातात. खऱ्यांचं चर्चच नसतं, आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रार्थना, बाकंसुद्धा गाडीत घालून या घरून त्या घरी. सिनेमातली तरुण पोरं सोळावं लागलं की दारू पिऊन धुडगूस घालतात. खरी बहुतेक पोरं व्हॉलीबॉल खेळतात आणि भजनं म्हणतात. "आता यावर कोण तिकीट काढेल?" असं मी म्हटल्यावर काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काट्याखाली चुंबक लावला होता.

हे 'खरं' काकांना कळायचं कुठून? तर त्या दरीतल्या एका सुताराकडून. दरीत तीन रंगांच्या बग्ग्या फिरतात, पांढऱ्या, पिवळ्या आणि काळ्या. रंगागणिक मंडळी, म्हणजे धर्माचा गट, वेगळी, नियम वेगळे. हा सुतार काळ्या बग्गीवाल्यांतला, पँट खांद्याला अडकवायला एकाच पट्ट्याचा गॅलिस घालणारा, काकांच्याच वयाचा. त्याची नव्वदीची आई रस्त्यावर टपरी मांडून बटाटे विकते. काका पहिल्यांदा थांबले ते बटाट्यांसाठी, पण नजर गेली तिच्या काट्यावर. "काटा चुकून राहिला," काका तिला इंग्रजीत म्हणाले. शेजारी उभ्या सुताराने कपाळाला आठ्या घातल्या. काकांनी तिथल्या तिथे खिशातून वजन काढून दाखवलं (हा माणूस खिशात वजन घेऊन फिरतो, मी शपथेवर सांगतो). काटा दर खेपेला गिऱ्हाइकाला थोडं जास्त देत होता! म्हातारी म्हणाली, "माहीत आहे. तसाच राहू दे." अख्ख्या नोकरीत असा काटा बघितला नव्हता, असं काका मला किती वेळा सांगतात ते विचारू नका. तेव्हापासून काकांची आणि त्या घराची दोस्ती जमली. ड्रायव्हर अर्थातच मी. काका प्रश्न विचारणार, सुतार रंधा मारत उत्तरं देणार. त्याने आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही. एकदा त्यानेच विचारलं, "सिनेमात आम्ही करतो तरी काय?" काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "प्रेमात पडता, पळून जाता, शेवटी रडत परत येता." सुताराने रंधा थांबवला आणि काळजीने विचारलं, "मग गाईंचं दूध कोण काढतं?"

पण वहीच्या शेवटच्या पानावर एक नोंद होती, तिच्या उजव्या रकान्यात चार वर्षं नुसतं प्रश्नचिन्ह होतं. बाप्तिस्मा घेतल्यावर, म्हणजे कायमचा शब्द दिल्यावर, जो माणूस मंडळी सोडून जातो, त्याला वाळीत टाकतात. प्रत्येक सिनेमात हा प्रसंग असतोच. बाप दार लावून घेतो, भाऊ पाठ फिरवतो, आई पडद्याआडून बघते, कुणी चकार शब्द बोलत नाही. काकांनी सुताराला हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो लाकूड उलटं करून दुसऱ्या बाजूने तासायला लागला. परतताना काका मला म्हणाले, "हे खरं निघालं ना बावा, तर मी त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही." मी हसून म्हटलं, "अहो काका, त्यांचा धर्म, त्यांचे नियम." काका हसले नाहीत. "वाळीत टाकणं काय असते, ते पाहायला आम्हाला सिनेमा लागत नाही," म्हणाले. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, शेजारी घटनेची प्रत आहे, हे मी रोज बघत होतो. पण मला आपलं वाटायचं की हा माणूस मजेसाठी चुका शोधतो. मला स्वतःचीच लाज वाटली.

गेल्या सप्टेंबरात सुताराने आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. आत गेलो तर भिंतीपर्यंत लांबलचक मेज, वर पांढरं कापड, आणि टोकाला जीन्स घातलेला, मिशीवाला एक माणूस. सुतार म्हणाला, "हा माझा धाकटा भाऊ. ट्रक चालवतो." एवढंच. सगळे बसले, माना खाली घालून न बोलता प्रार्थना झाली, आणि मग बोलणं सुरू झालं. भावाशीसुद्धा! पाऊस, गाई, ट्रकचे टायर. काकांचा चेहरा उजळला. मला कोपराने ढोसून मराठीत म्हणाले, "पाह्यलं? सगळे सिनेमे खोटे!" तेवढ्यात भावाने बटाट्याचं भांडं उचललं. सुताराने हात पुढे केला नाही. भावाने भांडं मेजावर ठेवलं, हात मागे घेतला, आणि मग सुताराने ते उचललं. पावाचंही तसंच, लोण्याचंही तसंच; त्याच्या हातून थेट कुणी काही घेत नव्हतं. काकांनी सवयीने कापडावर तळहात फिरवला. निरीक्षकाचा हात तो. भावाच्या खुर्चीजवळ आल्यावर कापड खाली दबलं. मेज एक नव्हतंच. दोन मेजं होती, मध्ये फट होती, आणि दोन्हींवर मिळून कापड एक होतं. काकांनी बोटं लावून फट मोजली. चार बोटं.

मी म्हटलं, झालं! आता हे उठणार. आणि काका उठलेच. पण दाराकडे गेले नाहीत. आपली ताटली उचलून पलीकडे गेले आणि भावाशेजारी बसले. म्हातारी तेवढी उठली, काकांचा पेला मागोमाग नेऊन ठेवला आणि जाताना फटीवरचं कापड हाताने सारखं केलं.

परतताना काकांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, "मी सात वर्षांचा असताना गावात पाटलांकडे लग्न होतं. आम्हाला गोठ्यापलीकडे बसवलं, पत्रावळीत वरून टाकलं. बाबा जेवले. मी नाही जेवलो." मी गाडीचा वेग कमी केला. थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "त्याने शब्द मोडला म्हणून बाजूला बसवलं. आम्ही काय मोडलं होतं रे? आणि तिथे कापड टाकणारी म्हातारी पण नव्हती." मग खिडकीबाहेर बघत बसले. वही मांडीवर होती, पण उघडली नाही. त्यानंतर महिनाभर सिनेमा नाही, दरी नाही. मी जिना चढून विचारायचो, काका म्हणायचे, "पाहू."

एका शनिवारी सकाळी स्वतःच खाली आले. "गाडी काढ. म्हातारीचे बटाटे संपतील." पोचलो तेव्हा मेज मांडलेलं होतं. माझी ताटली इकडे, सुताराजवळ. पलीकडे फटीच्या त्या बाजूला दोन ताटल्या, एक भावाची आणि एक काकांची, आम्ही न कळवता जाऊनसुद्धा. सुतार म्हणाला, गेल्या वेळेपासून आई रोजच मांडते. भाऊ मात्र आला नव्हता. तो कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं. काका जाऊन आपल्या जागी बसले. म्हातारी खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली, मग आली आणि मुलाच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. काकांनी बटाट्याचं भांडं उचललं. भावासारखंच ते मेजावर ठेवायला गेले, थांबले, आणि त्यांनी ते तिच्या हातात दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.