पाठीवरचं बोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, जाऊबाईंना नाही, देवापुढे बसूनही नाही. चौथीनंतर हातात पेन धरलंच कुठे मी? पण तोंडातून निघत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचे हे इंदूरच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचे. तिथे एवढा खडखडाट, की माणसं एकमेकांचे ओठ बघूनच बोलायची. लग्न नवीन होतं तेव्हा घरीही हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे—मला बाई लाजच वाटायची. पुढे कळलं, कान गेलेत. मिलमध्ये त्याचं कुणाला काही नव्हतं, तिथे निम्मे तसेच. मग मिल बंद पडली.

नर्मदेपलीकडे जंगलात एका शेठने पाहुण्यांसाठी लॉज काढलं होतं. मला स्वयंपाकाला घेतलं, ह्यांना रात्रीच्या जीपवर. पाहुण्यांना जनावरं दाखवायची, त्यासाठी मागच्या फळीवर बसून सर्चलाइट फिरवायचा. कान गेलेत म्हटलं असतं तर कोण ठेवणार? दिवसा ओठ बघून निभायचं. पण अंधारात? आणि जंगलात तर सगळं बोलणं कुजबुजत. म्हणून चहाचा थर्मास घेऊन मीही ह्यांच्या शेजारी बसायला लागले. ड्रायव्हर डावीकडे म्हणाला की शालीखालून ह्यांच्या डाव्या खांद्यावर बोट दाबायचं, उजवीकडे म्हणाला की उजव्या. दिवा बुझवायचा असेल तर मधोमध, मणक्यावर.

ड्रायव्हर चिडवायचा, "काकाजी, काकी के बिना मन नहीं लगता क्या आपका?" पाहुणे हसायचे. हेही हसायचे—काय म्हणाला ते न कळताच.

मुलगी शाळेसाठी जुन्या इंदूरला, जाऊबाईंकडे. दिवाळीला भेटायला गेले, तर ती त्यांच्या पदराआड लपली. त्यांना आई म्हणायला लागली होती. परत आल्यावर मी ह्यांना म्हटलं, आपण इंदूरला जाऊ. हे म्हणाले, "तिथे खायचं काय?" खरंच होतं. मी पुढे बोलले नाही. मी कधीच पुढे बोलत नाही. पण आत काहीतरी बसून राहिलं—कसं सांगू?

त्या रात्री शेठ स्वतः पुढे बसला होता, त्याचे खास पाहुणे होते. वळणावर बिबट्याची मादी दिसली, मागे दोन पिल्लं. उजेडाने पिल्लं जागच्या जागी थिजली आणि मादी गुरगुरायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, बुझाओ."

माझं बोट मणक्यापाशी गेलं होतं. शर्टाला लागलंही असेल. मी ते मागे घेतलं.

विसरले नाही. घाबरलेही नाही. मनात म्हटलं—कळू दे एकदाचं सगळ्यांना. म्हणजे जाऊ घरी.

"बुझाओ! अरे, बहरा है क्या?" शेठ ओरडला. हे आपले दिवा स्थिर धरून पिल्लांकडे बघत होते. पोराबाळांकडे बघावं तसं. मादी जीपवर धावून आली, ड्रायव्हरने गाडी कशीबशी मागे काढली. कुणाला काही झालं नाही. सकाळी शेठने ह्यांच्या पाठीमागे उभं राहून हाक मारली, मग थाळी वाजवली. हे वळले नाहीत. दुपारी आम्ही बसमध्ये होतो.

बसमध्ये ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "तू दाबलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो."

हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता अंगालाही कळेनासं झालं."

तेव्हा सांगता आलं असतं. का नाही सांगितलं? भीती वाटली, एवढंच.

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात ह्यांच्या जुन्या सोबत्याने काम बघून दिलं होतं. हे गेलेच नाहीत. म्हणाले, मशिनीत हात जाईल, मला कळायचंही नाही. मिलमध्ये धागा तुटायच्या आधी ज्यांच्या बोटांना कळायचं, ते हे! मी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. मुलगी माझ्याजवळ आली, मला आई म्हणायला लागली. मला हवं ते मिळालं. पुढे नात झाली, तर तिलाही कधी उचलून घेतलं नाही ह्यांनी. हातातून निसटेल म्हणायचे. ती दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची आणि हे मला हाक मारायचे.

मागच्या वर्षी हे गेले. तोवर रोज संध्याकाळी मी ह्यांच्या पाठीला तेल चोळायचे. कुणीतरी सांगितलं होतं, त्याने बधिरपणा जातो. मधूनच हे म्हणायचे, "आज थोडं कळतंय हं."

पाठ माझ्याकडे असायची. माझे ओठ ह्यांना दिसत नव्हते, मी काहीही बोलले असते तरी ह्यांना ऐकू गेलं नसतं. खोलीत दुसरं कुणी नसायचं.

तेव्हाही मी बोलले नाही.