बदललेले बांबू

खराडीतल्या आमच्या कंपनीत रिसेप्शनजवळच्या मनीप्लांटला सोनवणेकाकांनी एक पुठ्ठा लटकवला होता : "चोरायचा असल्यास पेरासकट चोरावा. नुसत्या पानाला मूळ फुटत नाही." मनीप्लांट चोरून आणलेलाच लाभतो, या समजुतीपायी आमचे इंजिनिअर जाता-येता वेल खुडत. मी नवीनच लागले होते. पुठ्ठा वाचून हसले, तर काका गंभीरपणे म्हणाले, "हसू नका मॅडम. आता निदान खुडतात तरी नीट."

कंपनीच्या सगळ्या कुंड्या काकांकडे होत्या. वय साठीच्या आसपास, इस्त्रीचा शर्ट, खिशात कात्री. वाघोलीहून सायकलवर यायचे. शमी कोणत्या दिशेला लावू, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं : "ऊन येतं त्या दिशेला." वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच नवस आणि उतारे त्यांच्या घरातून गेले होते.

टेबलाटेबलावर, माझ्याही, काचेच्या भांड्यात लकी बांबू असायचे. एका शनिवारी मी जास्तीच्या कामासाठी आले, तर काका शेजारच्या मृणालच्या भांड्यातला पिवळा बांबू काढून तिथे हिरवा ठेवत होते.

"हे काय, काका?"

"एसीच्या झोतानं मरतात. सोमवारी पिवळा दिसला की माणसं धास्तावतात. माझा विश्वास नाही, पण त्यांचा आहे ना."

मी कुणाला काही बोलले नाही.

पुढे मंदी आली आणि मृणालची नोकरी गेली. खोक्यात सामान भरताना ती रडत काकांना म्हणाली, "बघा हो, किती हिरवागार आहे. याच्या भरवशावर मी दुसरीकडची नोकरी नाकारली."

काकांना गप्प राहता आलं असतं. ते म्हणाले, "मॅडम, हा तुमचा नाही. तुमचा दिवाळीतच मेला. मी बदलला."

मृणालनं खोकं उचललं. "मला सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणून गेली. बांबू टेबलावरच राहिला.

त्या दिवशी काकांनी चहा घेतला नाही. मला म्हणाले, "विश्वास नाही म्हणत होतो, आणि त्याला पाणी मीच घालत होतो."

त्यानंतर त्यांनी एकही बांबू गुपचूप बदलला नाही. मेला की ज्याचा असेल त्याला तोंडावर सांगायचे. काही जणांनी तक्रारीही केल्या.

मग माझी पाळी आली. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्या सकाळी कपाटाच्या किल्ल्या द्यायला मी दहा मिनिटं ऑफिसला गेले.

"तुमचा बांबू गेला, मॅडम. मुळं कुजलीत."

"आजच सांगायचं होतं का?"

"आज दिसलं, म्हणून आज सांगितलं."

यांनी गुपचूप बदलला असता तर काय बिघडलं असतं, असं वाटून गेलं. काकांनी माझ्या हातातल्या किल्ल्या घेतल्या. "या मी पोचवतो. तुम्ही साहेबांजवळ जा."

दुपारी ते दवाखान्यात आले. धीराचं काही बोलले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन "सगळं नीट झालं" म्हणेपर्यंत माझ्या शेजारी बाकावर बसून राहिले, आणि मग सायकल काढून कुंड्यांना पाणी घालायला गेले.