वाघमारे भाऊंचा न निघालेला फोटो

शर्यतीची शिट्टी वाजली की वाघमारे भाऊ श्वास धरायचे. पोरं पाण्यात, आणि हा साठीला टेकलेला माणूस तलावाच्या ओल्या काठावर पालथा पडलेला, गाल फरशीला, कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर. पोहणारी पोरगी तोंड वर काढून श्वास घेई तेव्हाच तेही घेत. ती पाण्याखाली गेली की यांचाही बंद. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला झटका आला. धावत जाऊन त्यांच्या पाठीला हात लावला, तर मान न वळवता म्हणाले, "जिता हाय, ताई. तुमची सावली काढा तेवढी पाण्यावरून."

नांदेडचा तलाव तो. सकाळचं ऊन तिरपं पाण्यात उतरायचं आणि तळाच्या निळ्या फरश्यांवर उजेडाची जाळी हलत राहायची. तिच्याकडे थोडा वेळ बघत बसलं की डोळे जड व्हायचे. शिट्ट्या, पालकांचा गलका, माइकवर पुकारलेली नावं, सगळं उशीतून ऐकू आल्यासारखं वाटायचं. मी तशी स्वप्नं बघणारी बाई नाही. रेणापुरात एका शिलाई मशीनवर सुरुवात केली आणि लातुरात शाळेच्या गणवेशांचं दुकान उभं केलं, ते लोकांच्या डोळ्यांत बघून भाव ओळखण्याच्या जोरावर. नवरा नव्हता, मदतीला दीर नव्हता. माझी मयूरी पोहायला लागली आणि जिंकायलाही लागली, तेव्हा शर्यतींसाठी लातूर-नांदेड अशा फेऱ्या सुरू झाल्या. त्या तलावावर मात्र मलाही गुंगी यायची.

भाऊ भोकरचे. जिल्हा कचेरीत कारकुनी केलेली, निवृत्तीनंतर कॅमेरा हातात घेतलेला. जलतरणाच्या शर्यती लातूरला असोत की नांदेडला, ते हजर. गंमत म्हणजे त्यांना पोहता येत नव्हतं. मी विचारलं, "मग पडलात आत तर?" तर म्हणाले, "पडंन की. एवढी पोरं हायेत, काढंल एखांदं वर. मला येत असतं तर मी काठावर कशाला झोपून राहिलो असतो?"

विजेत्यांच्या पाटावरचे, गळ्यात पदक घातलेले फोटो ते काढायचे नाहीत. "ते मोबाइलवाले काढून राहिले की. तितं समदे सारकेच हसतेत." त्यांना हवा असायचा तो श्वासाचा क्षण. प्रत्येक पोराचा असा एक फोटो काढून पुढच्या शर्यतीला त्याच्या हातात द्यायचे. मागं कारकुनी, टपोऱ्या अक्षरात नाव, लेनचा आकडा आणि एखादी ओळ. कुणाच्या फोटोमागं 'डावा हात आळशी', कुणाच्या मागं 'हिला पाणी आवडतं'.

मयूरीचा पहिला फोटो मला अजून डोळे मिटले की दिसतो. अर्धा चेहरा पाण्यात, अर्धा बाहेर. कानाजवळून पाण्याचा पातळ पडदा निघालेला, काचेसारखा, आणि त्याच्याआड एक डोळा. जन्माला येताना पोर कसं जगाकडे बघत असेल, तसा. मी दुकानदार बाई, लगेच म्हणाले, "भाऊ, मोठा करून द्या. काय घ्याल ते बोला, पण वाजवी बोला."

"पैशे नको," ते म्हणाले. "पुढच्या शर्यतीला वरडू नका."

"का बरं? माझी पोरगी, माझं तोंड."

"तुमच्या आवाजानं कॅमेरा हलतोय माझा."

आजूबाजूचे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "ठरलं." माझ्या आयुष्यात मी ठरलं म्हणून मोडलेला हा एकच सौदा. पुढची दोन वर्षं मी प्रत्येक शर्यतीला ओरडले. काठाकाठानं धावत, पदर खोचून, "मयू, ओढ, ओढ" करत. शर्यत संपली की भाऊ फरशीवरून उठत, शर्ट पिळत आणि नुसते बघत. "व्यवहार ऱ्हायलाय, ताई," एवढंच म्हणत. मोठा केलेला फोटो केव्हाच माझ्या दुकानात लागलेला होता.

त्यांच्याकडूनच मला एक गोष्ट कळली होती. शेवटच्या पाच मीटरांवर तलावावर आडवी दोरी असते, रंगीत झेंड्यांची. त्या झेंड्यांखालून आत आलं की चांगला पोहणारा श्वास घेत नाही, मान वळवत नाही, नुसता भिंतीकडे झेपावतो. मान वळली की हात मागं पडतो. "म्हणून तितं माझा कॅमेरा बंद," भाऊ म्हणायचे. "झेंड्याच्या आत कुणाला तोंड नसतंय. निस्ते हात."

मयूरी चौदाची होती तेव्हा विभागाची निवड नांदेडला झाली. पन्नास मीटर फ्रीस्टाइल, राज्याला एकच मुलगी जाणार. मयूरी आणि नांदेडची एक उंच पोरगी बरोबरीनं येत होत्या. भाऊ शेवटच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात पालथे. मी काठानं धावत झेंड्यांपर्यंत पोचले. पुढचं सगळं पाण्याखाली झाल्यासारखं आठवतं, सावकाश आणि बिनआवाजाचं. दोघींचे हात एकदमच भिंतीला लागले. निदान मला तसं दिसलं. स्टॉपवॉच धरलेल्या दोन पंचांचं जुळेना. मग मोठ्या पंचांनी नांदेडच्या पोरीला पहिलं दिलं.

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, "बाई, कुणाकडं फोटो असंल तर दाखवा, बघतो." मी भाऊंकडे गेले. मयूरी टॉवेल गुंडाळून त्यांच्याजवळ उभी होती, ओठ निळे पडलेले.

"भाऊ, भिंतीचा फोटो द्या."

त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई निघाला, ताई."

माणूस खोटं बोलत होता. कापड कुठल्या गिरणीचं आहे हे माझ्या बोटांना कळतं, तसं मला ते कळलं. मी तिथंच, सगळ्यांसमोर बोलले. गाववाल्या पोरीसाठी माझ्या पोरीचा गळा कापला म्हणाले. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि फरशीवरचा आपल्या अंगाचा ओला ठसा बघत उभे राहिले.

त्यांनी दिलेला फोटो मी दुकानातून काढला. पुढची नऊ वर्षं जो भेटेल त्याला सांगितलं, नांदेडच्या त्या फोटोवाल्याला शब्द नाही. मयूरीनं त्यानंतर मोठ्या शर्यती सोडल्या. आता ती लातूरच्या तलावावर लहान मुलांना शिकवते. भाऊंचा विषय निघाला की ती उठून आत जायची. मला वाटायचं, तिलाही तेच सलतंय.

गेल्या वर्षी नांदेडला माल बघायला गेले होते. कुणीतरी म्हणालं, वाघमारे अंथरुणावर आहेत, छातीचं दुखणं. मी गेले. विचारपूस करायला नाही, भांडायला गेले. खिडकीतून दुपारचं ऊन त्यांच्या चादरीवर पडलं होतं. पडदा हलला की तेही हलायचं, तलावाच्या तळावर हलायचं तसं. भाऊ त्याच्याकडेच बघत होते. मला बघून हसले.

"या ताई. आवाज आला न्हाई जिन्यात. मला वाटलं, दुसरंच कुणी हाय."

"नऊ वर्षं झाली, भाऊ. आता तरी खरं सांगा. फोटो निघाला होता का नव्हता?"

ते उशीला टेकून बसले. श्वास मोजून घेत होते. दाराशी त्यांची बायको, सुमन वहिनी, चहाचा कप घेऊन थांबली होती. भाऊंनी एकदा तिच्याकडे बघितलं.

"न्हाई निघाला, ताई."

"मरताना तरी," मी म्हणाले आणि चहा न घेता जिना उतरले. ते माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

महिन्याभरात ते गेले. मयूरी म्हणाली, "मी जाणार आहे. तू येणार असशील तर ये." मी गेले, ते तिच्यामुळे. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती जळत होती आणि बाजूला त्यांचा कॅमेरा पुसून ठेवला होता. निघताना सुमन वहिनीनं मयूरीच्या हातात एक पाकीट दिलं. "तुझंय. त्यांनी जपलं व्हतं."

परतीच्या एसटीत मयूरीनं अहमदपूर मागं पडेपर्यंत पाकीट हातातच धरून ठेवलं. मग तिनं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

फोटो निघाला होता. अगदी समोर, धूसर, दुसऱ्या पोरीची बोटं भिंतीला टेकलेली. मयूरी वीतभर मागं. आणि झेंड्यांच्या आत, जिथं कुणाला तोंड नसतं, तिथं माझ्या पोरीचं तोंड पाण्याबाहेर. मान वळलेली, पण श्वासासाठी नाही. तोंड मिटलेलं होतं. ती काठाकडे बघत होती. काठावर हिरव्या साडीतली एक बाई उभी होती, पदराचा बोळा दोन्ही हातांनी तोंडावर दाबून.

मला आठवलं. झेंड्यांपाशी पोचले तेव्हा कोपऱ्यात पालथे पडलेले भाऊ दिसले होते. आज एवढी मोठी शर्यत, आज तरी ठरलेलं पाळावं, असं मनात आलं होतं. आणि मी गप्प झाले होते.

"तुझा आवाज एकदम बंद झाला," मयूरी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला वाटलं, तुला काहीतरी झालं. म्हणून बघितलं."

"मग सांगायचं होतंस."

"तू काय म्हणाली असतीस? माझ्यामुळं गेलं, म्हणाली असतीस. जन्मभर. मीच काकांना म्हणाले, आईला दाखवू नका. ते म्हणाले, न्हाई दाखवत. तुझी आई माझ्याच सांगण्यावरून गप ऱ्हायली."

बाहेर सोयाबीनची शेतं मागं मागं जात होती. ऊन काचेवर थरथरत होतं. मी फोटो उलटा केला. मागं तीच टपोरी अक्षरं होती. मयूरीचं नाव, लेन चार. आणि खाली एक ओळ:

'ताईंनी शब्द पाळला.'