बावड्याचा शुगर केसरी

दानेश्वरी सिस्टरांविषयी लिहायचं तर आधी त्यांच्या रागाविषयी लिहायला हवं. बाई चिडल्या की मराठीत सुरू होतात आणि कानडीत संपतात. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, त्यामुळं जिभेवर कानडी. नोकरी मात्र सगळी कोल्हापुरात, सरकारी दवाखान्यात. बत्तीस वर्षांतली शेवटची एकोणीस सर्जरीच्या वॉर्डात, शुगरनं सडलेल्या पायांची ड्रेसिंग करण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणूस देवदर्शनाला जातो, नातवंडं खेळवतो. सिस्टरांनी कसबा बावड्यात बुधवारचा शुगर गट काढला. "त्या वॉर्डात आपल्या गल्लीतलं नवीन माणूस यायला नको, एवढंच माझं म्हणणं हाय," असं त्या म्हणायच्या.

एवढंच म्हणे! आमच्या गावाकडून एवढी अपेक्षा ठेवणं म्हणजे फारच झालं.

मी सयाजी, गल्लीतल्या तरुण मंडळाचा सेक्रेटरी. मंडळातला सगळ्यात तरुण मेंबर अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, तेव्हा नावावर जाऊ नका. शुगर मलाही आहे. गटासाठी मंडळाचा हॉल मी मिळवून दिला, कुणाची किती शुगर आली ते लिहायचं काम मी घेतलं, आणि पुढं जो घोळ झाला त्याची कल्पनाही माझीच होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी इथं दुसऱ्यांना नावं ठेवत बसेन आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल.

दर बुधवारी सकाळी सात वाजता उपाशीपोटी हॉलवर यायचं. सिस्टरांचा नियम एकच होता, आधी पाय, मग रक्त. आलेल्या माणसानं चपला काढून खुर्चीत बसायचं. सिस्टर खाली जमिनीवर बसून त्याचा तळपाय बघायच्या, बोटांच्या बेचक्या फाकवून बघायच्या, नखं दाबायच्या. साठी उलटलेली बाई आपल्या पायाशी बसलेली बघून पैलवान गडीसुद्धा लाजून अर्धे व्हायचे. मग बोटाला सुई, यंत्रावर आकडा, आणि शेवटी पंधरा मिनिटं बोलणं.

ते बोलणं ऐकायला माना हलवणारी मंडळी होती. ऐकून काही करणारं कोणी नव्हतं. साखर बंद करा म्हटलं की लोक साखर बंद करायचे आणि चहात गुळाचा खडा टाकायचे. "गूळ आपला घरचा की वो शिस्टर, त्यानं काय हुतंय!" सिस्टर कपाळाला हात लावायच्या. पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या की पोटात गेल्यावर दोन्ही एकच. लोक व्हय व्हय म्हणायचे आणि हॉलमधून उठून जथ्थ्यानं मिसळ खायला जायचे, कारण उपाशीपोटी आले होते ना बिचारे! फिरायला जाता का विचारलं की एकजण छाती फुगवून म्हणाला, "रोज कळंब्याला तळ्यावर जातोय की." चौकशी केली तेव्हा कळलं की गडी तळ्यापर्यंत मोटरसायकलवर जातो, बाकड्यावर बसतो आणि परत मोटरसायकलवर येतो.

दीड वर्षात पन्नासाचे अकरा उरले. सिस्टर त्या अकरांवर चिडायच्या, आणि न आलेल्यांचा रागही त्यांच्यावरच काढायच्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, "सिस्टर, आपल्या लोकांना आरोग्य नको, सत्कार पाहिजे. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी ज्याची शुगर सगळ्यात चांगली येईल त्याला फेटा बांधू, नारळ देऊ. शुगर केसरी म्हणून फोटो काढू."

"आजाराची कुस्ती लावताय काय सयाजीराव?" असं त्या म्हणाल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. अकरा माणसांनी त्याही थकल्या होत्या.

पहिल्या फेट्याला तीस माणसं आली, दुसऱ्याला पंचावन्न. तिसऱ्या महिन्यात रांग हॉलच्या पायऱ्यांवर गेली. प्रत्येकाचे पाय बघत बसायचं म्हणजे दहा वाजायचे, लोक कामाला उशीर होतो म्हणून कुरकुर करायचे. तेव्हा मी दुसरा शहाणपणा केला. म्हटलं, "आधी रक्त घेऊ. ज्याची शुगर चांगली, त्याचे पाय बघायचं काय कारण? वाईट असतील तेवढेच बघा." सिस्टर त्यावर तावातावानं बोलल्या, अर्धं कानडीत. पण रांग समोर उभी होती. त्यांनी ऐकलं. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं असेल तर ते एवढं दोनदाच, आणि दोन्ही वेळा माझं!

त्यानंतर सलग तीन महिने शुगर केसरी झाला केरबा. केरबा गुळव्या. नदीकडच्या गुऱ्हाळावर काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस कधी उतरवायचा हे तो ठरवतो. उकळता पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का बघायची, हे त्याचं काम. गोळी बोटांना कळते, पण केरबाचे वडील ती तोंडात टाकून बघायचे, म्हणून केरबाही टाकतो. दिवसाला आठ-दहा काहिली, म्हणजे गुळाच्या तेवढ्या गोळ्या. सिस्टरांनी त्याला हातापाया पडून सांगितलं होतं, "केरबाण्णा, बोटानं बघ, जिभेवर ठेवू नको." तो म्हणायचा, "बोट फसवतंय शिस्टर. जीभ न्हाय फसवत."

पहिल्यांदा आला तेव्हा याची शुगर तीनशे दहा होती. हंगाम ऐन भरात आणि याची शुगर एकशे दोन, मग अठ्ठ्याण्णव, मग पंच्याण्णव! सिस्टर हरखल्या. दोन वर्षांत त्यांना मनापासून हसताना मी तेव्हाच बघितलं. निदान एकाला तरी समजलं, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

समजलं होतं, पण भलतंच. एरवीच्या बुधवारी केरबा हंगामाचं कारण सांगून यायचाच नाही, आणि फेट्याच्या आठवड्यात रविवारी रात्रीपासून जेवायचा नाही. सोमवार-मंगळवार कारल्याचा रस आणि पाणी. एरवी डब्यात पडून असलेल्या शुगरच्या औषधाच्या गोळ्या मंगळवारी दोन-दोन घ्यायचा. बुधवारी फेटा बांधून झाला की मिसळ. गुरुवारपासून पुन्हा काहील. हे तो लपवतही नव्हता. गुऱ्हाळावर सगळ्यांना ठाऊक होतं. कुस्तीच्या आधी वजन उतरवतात तसं ते वाटत होतं त्यांना. आणखी आठ-दहाजण तेच करत होते, फक्त त्यांना केरबाएवढं जमत नव्हतं. आणि आकडा चांगला म्हणून त्याचे पाय तीन महिने कुणी बघितले नव्हते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी केरबाची शुगर त्र्याण्णव आली. टाळ्या पडल्या. मी त्याच्या डोक्याला फेटा बांधत होतो, सिस्टर नारळ घेऊन जवळ आल्या आणि थांबल्या. नाक वर केलं. मला फुलांच्या हाराशिवाय कसलाच वास येत नव्हता.

"केरबाण्णा, चप्पल काढ."

"आता? फोटू काढाय लागल्यात की."

"काढ म्हणते ना!"

त्यानं डावी चप्पल काढली. तळपायाला करंगळीच्या खाली रुपयाएवढं काळं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा ओल्या होत्या. पुढची दोन बोटं जांभळी पडली होती. पंधरवड्यापूर्वी गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी निखाऱ्यावर पाय पडला असणार. असणार म्हणतो, कारण केरबाला ठाऊकच नव्हतं. तो स्वतःच्या पायाकडं दुसऱ्याचा असल्यासारखा बघत होता.

"दुखत न्हाय वो काय," तो म्हणाला.

"दुखत नाही म्हणूनच मरायला लागलायस!" सिस्टर ओरडल्या. "चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

यावर केरबा जे बोलला ते ऐकून मला संताप आला होता. आता कुणाचा ते सांगता येत नाही. "शुगर त्र्याण्णव हाय माझी. त्र्याण्णव असल्यावर पायाला काय हुतंय? तुमीच सांगितलंय की." आणि हॉलमधली साठ माणसं त्याच्या बाजूनं! "व्हय की शिस्टर, नार्मल हाय त्येची." "दवाखान्यात गेला की कापत्यात." "हळद लावा जरा." दोन वर्षं घसा फोडून बोललेलं सगळं त्या पाच मिनिटांत वाया गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं. सिस्टरांनी केरबाचा दंड धरला, मी दुसरा धरला, आणि फेट्यासकट त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी झाली. ती दोन दिवस उपाशी राहून फसत नाही. आकडा आला अकरा पूर्णांक आठ. सात असता तरी सिस्टरांनी देवाला दिवा लावला असता. दुसऱ्या दिवशी केरबाची दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, जखम भरत आली तर पाऊल वाचेल, नाहीतर गुडघ्याखाली कापावं लागेल. आठ दिवसांत काय ते कळेल. इन्शुलिनची इंजेक्शनं वेळेवर आणि जेवण पोटभर, एवढं सांभाळा; उपाशीपोटी इंजेक्शन घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस दगावतो.

सिस्टर रोज दुपारी त्याच्याकडं जायच्या, आपल्याच जुन्या वॉर्डात. त्यांच्याबरोबर मीही जायचो. जाताना रिक्षात मी एकदा म्हटलं, "सिस्टर, चूक माझी." वाटलं होतं, त्या म्हणतील, नाही हो. त्या म्हणाल्या, "तुमची हायच. पण तुमच्या खुळ्या कल्पनेला व्हय मी म्हटलं. मी नर्स हाय, तुम्ही न्हाय."

सहाव्या दिवशी गेलो तेव्हा केरबा भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याची बायको उशाशी बसलेली. सिस्टरांनी त्याच्या मानेला हात लावला. मान घामानं चिंब होती. त्यांनी ड्यूटीवरच्या सिस्टरला मोठ्यानं हाक मारली आणि कॉटखालचा डबा उघडला. भाकरी, भाजी, वरण, सगळं तसंच होतं. सकाळचंच नव्हे, आदल्या दिवसाचंही.

"जेवला न्हाय?"

"कालपासनं घास घेतला न्हाय त्यांनी," बायको रडायला लागली. "नर्सबाईंनी इचारलं की जेवलो म्हणत्यात आन् विंजेक्शन टोचून घेत्यात. उद्या मोठं डाक्टर तपासाय येणार, आकडा चांगला आला की पाय कापत न्हाईत म्हणत्यात."

सिस्टर खाली बसल्या. क्षणभरच बसल्या, पण एकोणीस वर्षं ज्या वॉर्डात त्या बसल्या नव्हत्या तिथल्या जमिनीवर बसल्या. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. पण त्या उठल्या, ग्लासात साखर ओतली, चार चमचे, पाणी घालून ढवळली आणि केरबाचं डोकं मांडीवर घेतलं. तोवर ड्यूटीवरच्या सिस्टरनं त्याच्या बोटाला सुई लावून आकडा सांगितला होता.

"पी, केरबाण्णा. घोटघोट पी. पायाला भरून यायला अन्न लागतंय रे. उपाशी पाय भरत न्हाय."

अर्धा ग्लास गेल्यावर केरबानं डोळे किलकिले केले. "किती आली शिस्टर?"

"बावन्न."

त्याच्या सुकलेल्या तोंडावर हसू आलं. "बावन्न! म्हंजे ह्या महिन्यालाबी फेटा माझाच की."

सिस्टर माझ्याकडं बघतील असं वाटून मी मान खाली घातली. त्यांनी बघितलं नाही. त्यांनी रिकामा हात लांब करून माझ्यापुढं भाकरीचा डबा सरकवला, आणि मी ती कोरभर कोरभर मोडून वरणात भिजवायला लागलो.