कंडक्टरने मागितलेली डबी

गादीवाल्याचं उभं आयुष्य कापसात गेलं. दुकान अरुंद, मागे पिंजायचं यंत्र, पुढे शिवायची फळी. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि बायको म्हणायची, "आलं आमचं म्हातारपण." मग एका वर्षी खोकला आला आणि मुक्कामालाच राहिला. आधी जिना चढताना दम लागायचा, पुढे चपला घालतानाही लागायला लागला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. आजार औषधांनी हळू होईल, थांबणार नाही.

मुलगी हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. नव्या औषधांच्या चाचण्या कुठे चालल्या आहेत, त्यात कोणाला घेतात, हे ती फोनवर शोधत राहिली. बऱ्याचशा दूरदूरच्या होत्या. एक मात्र आपल्याच शहरात निघाली, मोठ्या रुग्णालयात, एका बसच्या अंतरावर. तिने तिथे चौकशी केली, वडिलांचा आजार आणि तपासण्या त्यांच्या अटींत बसतात का ते विचारलं, आणि मगच जेवताना विषय काढला.

"म्हणजे आता बापाचा उंदीर करणार तू," आई म्हणाली.

"उंदराला कोणी विचारत नाही, आई. बाबांना विचारणार आहेत."

गादीवाला ताटात बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "बघू तरी, काय म्हणतात."

चाचणीचं काम बघणाऱ्या नर्सताईंनी त्याला सगळं नीट समजावलं. अर्ध्या लोकांना नवी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत काही नसलेली. कोणाला कुठली हे संगणक ठरवणार. "शेवटपर्यंत तुम्हाला कळणार नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही. चालू औषधं बंद होणार नाहीत. आणि नको वाटलं तर कधीही सोडा, कोणी रागावणार नाही." गादीवाल्याने दोन दिवस विचार केला आणि सही केली.

बाहेरच्या बाकावर एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. त्याने सरकून जागा दिली. "काय, काढलं का तिकीट? मीही काढलंय. गाडी कुठे जाते ते मात्र ड्रायव्हरलाही माहीत नाही." तो बसचा निवृत्त कंडक्टर होता. आजार तोच.

दर महिन्याला दोघांची तारीख एकच पडायची. काचेच्या खोलीत नळी तोंडात धरून जोरात फुंकायचं, आकडे लिहून घ्यायचे, रक्त द्यायचं, नवी डबी घ्यायची. "फुंका, अजून, अजून," असं नर्सताई म्हणायच्या, आणि कंडक्टर बाहेर येऊन सांगायचा, "माझा सगळा दम शिट्टीत गेला हो, या नळीसाठी कुठून आणू."

गादीवाल्याचं पहिल्या आठवड्यातच पोट बिघडलं. कंडक्टरला काहीच झालं नाही.

"मग तुमची खरी," कंडक्टरने निकाल देऊन टाकला. "माझी गोळी नुसतीच गोड बोलणारी आहे."

गादीवाल्यालाही ते पटलं. जिना पूर्वीपेक्षा सोपा वाटायला लागला, आणि कंडक्टरचे गाल मात्र बसत चालले. त्याला आडवं झालं की गुदमरायचं. गादीवाल्याने त्याच्यासाठी टेकून झोपता येईल अशी उतरती उशी शिवली, चांगला लांब धाग्याचा कापूस निवडून. कंडक्टर म्हणाला, "आता झोप फर्स्ट क्लासमध्ये."

एकदा तपासणी झाल्यावर कंडक्टर बराच वेळ बाकावरून उठला नाही. मग समोर बघतच म्हणाला, "एक महिना डब्या बदलू या का? तुमची मला, माझी तुम्हाला."

"असं चालत नाही हो," गादीवाला हसला. पण हसता हसता त्याने डबी ठेवलेली बाजूची पिशवी मांडीवर ओढून घेतली. ते कंडक्टरने पाहिलं. "अहो, थट्टा केली," तो म्हणाला.

पुढच्या तारखेला बाकावर गादीवाला एकटाच होता.

काही दिवसांनी कंडक्टरची बायको रिक्षातून उशी घेऊन दुकानात आली. "ते गेल्यापासून घरात ठेववत नाही, भाऊ," ती म्हणाली. जाताना क्षणभर थांबली. "तुमची तब्येत बरी दिसते."

उशीत डोक्याचा खळगा पडला होता. गादीवाल्याने ती उसवली, कापूस पिंजला, पुन्हा भरली. हात फिरवला की खोलगटपणा तिथेच लागायचा. आणखी एकदा उसवली, तरी तेच. भर दुपारी, रस्ता सुस्त असताना, त्याने यंत्र बंद केलं की टांगलेल्या गाद्यांमागून कोरडा खोकला यायचा. खोकल्यानंतर कोणी बोलण्यासाठी श्वास गोळा करतंय अशी शांतता. तो गाद्या बाजूला करून बघायचा. भिंत असायची. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचाच खोकला असेल." त्याने नकारार्थी मान हलवली. स्वतःचा खोकला माणूस ओळखतो. गोळी मात्र तो रोज घ्यायचा, आणि गिळताना पाठीमागे कोणी उभं असल्यासारखी त्याची मान ताठ व्हायची.

चाचणी संपली. औषधाने बऱ्याच जणांचा आजार खरोखर हळू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी गादीवाल्याला समोर बसवून सांगितलं, "तुम्हाला औषध नसलेली गोळी होती."

"पण मला बरं वाटलं होतं. पोटही बिघडलं होतं."

"होतं असं. तुमचा आजार मुळातच सावकाश चालणारा आहे. आता खरी गोळी सुरू करू या."

"आणि कंडक्टर?"

"ते मी त्यांच्या घरच्यांनाच सांगू शकते."

तो रुग्णालयातून सरळ कंडक्टरच्या घरी गेला. कंडक्टरच्या बायकोने दार उघडलं, पाणी दिलं आणि त्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "त्यांना खरं औषध होतं. कालच सांगितलं मला."

गादीवाल्याने पेला खाली ठेवला.

"डबी मागितली होती ना त्यांनी तुमच्याकडे? घरी येऊन हसत सांगितलं मला. ते हसत होते, पण मी तुमच्यावर राग धरून बसले, भाऊ. उशी घेऊन आले तेव्हाही मनात तोच होता."

"माझी रिकामी होती, वहिनी."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे दिली असतीत, तर त्यांचं खरंही गेलं असतं."

"हो."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने पदर डोळ्यांना लावला. तिच्या मनावरचा धोंडा उतरला, हे गादीवाल्याला दिसत होतं. आपलाही उतरेल म्हणून तो वाट बघत राहिला. पण पिशवी मांडीवर ओढताना आत काय आहे हे त्याला कुठे माहीत होतं? त्याने ओढली होती ती, आत खरी गोळी आहे असं समजूनच.

दुसऱ्या दिवसापासून त्याने खरी गोळी सुरू केली. श्वासाचे आकडे पुढे फारसे घसरले नाहीत, काम चालू राहिलं, मुलगी निर्धास्त झाली. दुकानाच्या मागच्या भागात मात्र तो दुपारी एकटा जात नाही. गिऱ्हाईक आलं आणि आतलं काही काढायचं असलं, तर म्हणतो, "जरा माझ्याबरोबर आत या."