शिगवण सरांची गोणाबाई

कबड्डीची पकड शिकवताना शिगवण सर गोणीवर झडप घालायचे. मुलीएवढी उंच गोणी, आत कारखान्यातलं टाकाऊ सूत, खाली बांधून केलेले दोन पाय. आम्ही तिला गोणाबाई म्हणायचो. सर तिचा घोटा धरून मातीत लोळायचे आणि धूळ झटकत म्हणायचे, "आता तुम्ही एकमेकींना धरा." टोकरखाड्याच्या आमच्या शाळेत त्यांनी कुठल्या मुलीला हात लावून शिकवल्याचं मला आठवत नाही.

सर रत्नागिरीकडचे. "गो बाय, पकड रेषेच्या आत. रेषेबाहेर कुणी धरलं, मग तो मी का असेना, आधी बोंब मार." हे रोजचं. एकदा आमच्यातल्या संगीताने विचारलं, "सर, गोणाबाई कधी बोंब मारणार?"

"तिला तोंड शिवायचं राहिलं माझ्याकडून. तुम्हाला आहे ना?"

सूत माझे वडील आणायचे. ते धुळ्याहून आलेले, गलोंड्याच्या कारखान्यात कामाला.

मी दहावीत असताना संघ निवडायला बाहेरून एक प्रशिक्षक आले. खेळताना माझा घोटा मुरगळला. मी शेजारीच बसले होते. ते सरांना म्हणाले, "लडकी अच्छी है. शाम को मेरे कमरे पे भेज दो, मालिश कर दूँगा. टीम में ले लेंगे."

"पाय इथेच बघा, सगळ्यांसमोर. नाहीतर तिची आई बरोबर येईल."

"भरोसा नहीं है, मास्टरजी?"

"नाही," सर म्हणाले.

यादीत आमच्या शाळेची एकही मुलगी नव्हती. वडील मला घेऊन तणतणत शाळेत गेले. "सर, तुमच्यामुळे गेलं ना पोरीचं नाव?"

"हो. माझ्यामुळेच." मग सरांनी मला पाणी आणायला पाठवलं. मी परतले तेव्हा वडिलांनी पाण्याचा पेला आधी सरांपुढे केला. पुढच्या रविवारी त्यांनी मैदानावर सुताची दोन गाठोडी आणून टाकली. मालिशीत वाईट काय, हे मला कळत नव्हतं; मला दोघांचाही राग आला. मी सरांशी बोलणंच सोडलं. ते संगीताकडे निरोप द्यायचे, "तिला सांग, गोणाबाई विचारत होती." त्याच वर्षी त्यांची बदली झाली. मी निरोपालाही गेले नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते.

वापीला कॉलेजात जायला निघाले, तेव्हा वडिलांनी सगळं सांगितलं. त्या प्रशिक्षकाचा हेतू काय होता तेही. त्याच्याविरुद्ध सरांनी अर्ज केला होता. "खाली माझा अंगठा आहे," वडील म्हणाले. बदली त्यामुळेच झाली का, मला ठाऊक नाही. तो माणूस मात्र पुन्हा आला नाही. मी सरांना पत्र लिहून माफी मागितली. उत्तराचं कार्ड आलं: "रागावलीस ते बरं झालं. तेव्हा सांगितलं असतं तर घाबरून मैदान सोडलं असतंस."

आता रविवारी मी त्याच शाळेतल्या लहान मुलींना खेळवते. गोणाबाई आहे, सूत अजून वडीलच आणतात. गेल्या आठवड्यात घाईघाईत मी एका मुलीला दंडाला धरून जागेवर उभं करायला गेले. ती एवढ्या मोठ्याने ओरडली, "ताई, रेषेबाहेर," की रस्त्यावरची माणसं थांबली. मी हात सोडला. मुली हसत सुटल्या.

घरी येऊन सरांना कार्ड लिहिलं. जास्त काही सुचलं नाही. एवढंच लिहिलं: सर, आज माझ्यावरच बोंब मारली.