कोंबड्यांच्या पायाखाली

कोंबड्या पाळणं सोपं असतं, असं ज्यांनी कधी पाळल्या नाहीत ते सांगतात. दाणे टाका, पाणी ठेवा, अंडी उचला. त्यांच्या पायाखाली काय घालायचं ते मात्र कुणी सांगत नाही, आणि सगळा घोळ तिथेच असतो. माती उघडी ठेवली की त्या उकरून उकरून तिचे खड्डे करतात. पाऊस पडला की त्याचा चिखल, त्यात त्यांची घाण, मग पाय सडतात. आणि वास असा सुटतो की शेजारीण भिंतीवरून नाक दाबून विचारते, "काय गं, आज काय शिजवलंस?"

आमची बैठी चाळ बोरीवलीच्या पूर्वेला, पार टोकाला. मागच्या दाराबाहेर थोडी मोकळी जागा, पलीकडे झाडी, आणि त्यापलीकडे जंगलच. ऐंशीच्या पुढची ही गोष्ट. बिल्डिंगा स्टेशनकडून एकेक करत आमच्या दिशेने येत होत्या, पण अजून पोचल्या नव्हत्या. मागच्या जागेत तारेची जाळी मारून कोंबड्यांसाठी आवार केलेलं होतं आणि त्याच्या कडेला लाकडाचं खुराडं. दिवसभर कोंबड्या आवारात फिरायच्या, संध्याकाळी खुराड्यात कोंडायच्या.

कोंबड्या सासूबाईंच्या. त्या मालवणकडच्या. मुंबईत उभा जन्म काढला तरी बोलणं तिकडचंच राहिलं. जाळी आणि खुराडं माझ्या धाकट्या दिरांनी बांधलेलं. त्यांना मी पाहिलेलं नाही. मी लग्न होऊन या घरात यायच्या आधीच ते एका सकाळी गिरणीत जातो म्हणून निघाले आणि परत आले नाहीत. गिरणीत विचारून झालं, इस्पितळं पाहून झाली, पोलिसांत जाऊन झालं, गावच्या देवाला कौल लावून झाला. काही म्हणता काही कळलं नाही. बारा वर्षं होत आली होती. पण सासूबाईंच्या तोंडून त्यांच्याबद्दल 'होता' असा शब्द मी कधी ऐकला नाही. माझो झील, माझा मुलगा, 'आसा' म्हणजे 'आसा'.

तर त्या वर्षी पावसाळ्यात चिखलाने दोन कोंबड्या गेल्या. पाऊस सरल्यावर मी कंबर कसली. म्हटलं, आता काहीतरी घालायचंच. आधी लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, दोन पोती. मऊ, पिवळा, काय छान दिसायचा! शेजारीण म्हणाली, "कोंबड्यांना गादी घातलीस होय गं? माझ्या सासूने मला नाही घातली." पण परतीच्या पावसाची एक सर आली आणि भुशाला बुरशी धरली. कोंबड्या म्हाताऱ्यांसारख्या खोकायला लागल्या. भुसा काढला.

मग रेती. रेती खरंच चांगली, पाणी ठरत नाही. पण चाळीतल्या सगळ्या मांजरांना रात्रीतून पत्ता लागला. जाळीखालून शिरून ती तिथेच बसायला लागली. आमचे हे म्हणाले, "तू कोंबड्यांसाठी आणलीस की मांजरांची मुतारी काढलीस?" रेतीही काढली.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "राख घाल गो. राखेत लोळली काय कोंबडेच्या अंगातले उवे मरतत." खरंच होतं ते. नाक्यावरच्या बेकरीच्या भट्टीतून लाकडाची राख मिळायची, तो माणूस उलट खूश व्हायचा, त्याचा उकिरडा वाचायचा. थंडीचे दिवस. आम्ही आवारभर चार बोटं राख पसरली. कोंबड्या त्यात बसून पंख उघडून अशा न्हायच्या की बघत राहावं. वास गेला. मी म्हटलं, सुटले बाई एकदाची.

महिन्याभरात त्या लंगडायला लागल्या.

तळपाय लाल, कातडी सोललेली. मला कळेना. मग एकदा राखेत हात घातला आणि चटकन कळलं, कारण भांडी राखेने घासून वाढलेली मी बाई. कोरडी राख काही करत नाही. ओली राख हात सोलते. राख ओली होती. पाऊस नाही, नळ तिकडे नाही, मग ओली कशी?

त्या संध्याकाळी कोंबड्या कोंडल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. सासूबाई तांब्या घेऊन आवारात गेल्या. बोटांनी राखेवर पाणी शिंपडलं, हलकं हलकं, अंगणात सडा घालतात तसं. मग केरसुणी उलटी धरून मागे मागे सरत त्यांनी सगळी राख सपाट केली. एक रेघ राहिली नाही. दाराशी आल्यावर स्वतःचं शेवटचं पाऊलही पुसलं आणि दाराला तार गुंडाळली.

आमच्यात माणूस गेलं की दिव्यापाशी पीठ नाहीतर राख पसरून टोपलीखाली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात, कुणाचा पाय उठला आहे. पाखराचा, गाईचा, माणसाचा. गेलेला कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून सांगतात. घरोघरी करतात, त्यात भ्यायचं काही नाही. पण ते एका रात्रीपुरतं. आमच्या मागच्या दारी ते रोज चाललं होतं.

मी विचारलं, "आई, राख ओली का करता? कोंबड्यांचे पाय भाजतात."

"ओली नसली तर पाय उठतलो कसो?"

"कुणाचा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेडगळ बोलले. "मेलेल्याचो पाय राखेत उठता गो. जित्याचो उठणा नाय. रोज सकाळी बघतंय मी. राख कोरी आसता. म्हणजे माझो झील आसा."

मी ह्यांना सांगितलं. हे चिडले, म्हणाले, राख उद्याच्या उद्या फेकून दे. पण फेकायला दोघांपैकी एकाचाही हात उठला नाही. मी रोज दुपारी कोंबड्यांचे पाय धुवून खोबरेल लावत बसले. आणि खोटं कशाला सांगू, हळूहळू मलाही सवय लागली. सकाळी दूध तापायला ठेवायच्या आधी मी मागचं दार उघडून राख बघायची. सपाट, करडी, पाटीसारखी कोरी. ती कोरी दिसली की जीव भांड्यात पडायचा आणि त्याच वेळी अंगावर काटा यायचा, कारण उद्या पुन्हा बघायचं होतं. अनवाणी मागच्या दारी जायचं मी बंद केलं. दुपारी चाळ झोपलेली असायची, तेव्हा कधी कधी सगळ्या कोंबड्या उकरायच्या थांबायच्या आणि एकाच कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. तिथे काही नसायचं. मी हातातलं काम टाकून आत येऊन बसायची.

शिमग्याच्या आधी गावाहून ह्यांचे काका आले. विषय तोच. बारा वर्षं पत्ता नाही म्हणजे माणूस गेला असं धरून त्याचं करायचं असतं. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. ते केलं नाही म्हणून गावच्या घरात एक काम धड होत नाही, लग्नं अडलीत, असं सगळ्यांचं म्हणणं.

काका जेवता जेवता म्हणाले, "वैनी, किती दिवस तेका असो टांगून ठेवतलास? ना हय, ना थय."

सासूबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. "राखेत पाय उठलो काय करा. तोपर्यंत माझ्या झिलाक कोणी मारूक नको."

काकांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघून जेवत राहिले.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या सकाळची गोष्ट. चांगलं उजाडलं होतं. मी मागचं दार उघडलं आणि आधी जाणवली ती शांतता. खुराड्यात एरवी एवढ्यात नुसता गोंधळ असतो, कोंबडा आरवून आरवून घसा फोडतो. त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. फळ्यांच्या फटीतून पाहिलं तर सगळ्या जिवंत, एकमेकींना चिकटून मागच्या फळीशी बसलेल्या.

राखेच्या मधोमध पाऊल होतं.

एकच. डावं. अनवाणी माणसाचं, पाचही बोटं स्पष्ट, बोटं आमच्या दाराकडे. मागे दुसरं नाही, पुढे दुसरं नाही. चारी बाजूंनी राख सासूबाईंनी सपाट केली होती तशीच. दाराची तार गुंडाळलेली होती तशीच.

माझा पहिला संशय ह्यांच्यावर, मग काकांवर. कुणीही हेच म्हणेल. मी आत धावले. दोघे झोपलेले. काकांचा पाय म्हणजे फताडं सूप. ह्यांचा अंगठा लहानपणी चेचलेला, वाकडा. बाहेरचं पाऊल अरुंद होतं, बोटं सरळ. आणि कुणी टाकलंच म्हणा, तर तिथपर्यंत पोचला कसा, उडून?

मी परत आले तेव्हा सासूबाई आवारात उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी त्या पावलावर हात ठेवला, वीत धरली, पुढे बोटं मोजली. किती भरलं ते बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "हात लाव."

मी लावला. बाकीच्या राखेवर कोवळं ऊन आलं होतं, ती कोमट होती. पावलाच्या आतली राख विहिरीतल्या दगडासारखी गार होती.

"आई," मी म्हटलं, "हा त्यांचाच, कशावरून..."

"राख काढ," त्या उठत म्हणाल्या. "सगळी. पाना हाड. पानांत काय दिसणा नाय, ता बरा." आणि आत जाऊन काकांना हलवून म्हणाल्या, "भावजीनू, उठा. भटजीक सांगा."

मी दिवसभर राख भरून नेली आणि झाडीतून पानं आणली. पानगळीचेच दिवस होते. सागाची मोठी पानं हाताने चुरायची, त्यात बांबूची बारीक पानं मिसळायची, म्हणजे चिकटून थर होत नाही. कुणाला कोंबड्या पाळायच्या असतील तर माझा सल्ला तोच, पानं घाला. त्या उकरतात, किडे वेचतात, पाय कोरडे राहतात. आठवड्याभरात आमच्या कोंबड्यांचं लंगडणं थांबलं. फक्त मधल्या त्या जागेवर त्या बरेच दिवस फिरकल्या नाहीत, वळसा घालून जायच्या.

विधी नदीवर केला. बायका जात नाहीत म्हणून काका अडवायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, "मी येतलंय," आणि चालू लागल्या. त्या निघाल्या म्हणून मीही निघाले. दर्भाचा पुतळा जेमतेम हातभर. त्याला ह्यांनी अग्नी दिला. सासूबाई रडल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या, कुणी दुसऱ्याच्या घरचं कार्य बघावं तसं. मग पिंडाचा भात खडकावर ठेवला आणि आम्ही मागे सरलो.

कावळे होते. समोरच्या झाडावर ओळीने बसले होते. एक खाली येईना. काका हात जोडून म्हणाले, तुझ्या आवशीक आम्ही बघू, आईची काळजी करू नको. हे म्हणाले, तुझ्या वाटणीचं जपून ठेवतो. कावळे मान वाकडी करून बघत राहिले. ऊन चढलं. भटजींनाही घाई. ते म्हणाले, "होतं असं कधी कधी. दर्भाचा कावळा करू, त्याने शिवायचा. शास्त्रात सोय आहे."

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. "माणूस दर्भाचो, कावळो पण दर्भाचो? मगे मेलो कोण?"

भटजींनी हातातला दर्भ खाली ठेवला.

"तो येणा नाय कारण तेका भूक नाय," त्या म्हणाल्या, आणि बारा वर्षांत आवाज उतरला नसेल इतका त्यांचा आवाज उतरला. "जेवलो आसतलो माझो झील खयतरी."

"आये," हे म्हणाले, "मग तो पाय कोणाचो?"

"ज्याचो आसात त्याचो. तेची पण आवस आसतली ना रे. ती पण बघीत आसतली राख."

हे एक पाऊल मागे सरले. सासूबाई खडकाशी गेल्या, भाताजवळ उकिडव्या बसल्या, आणि समोर कुणी बसलंय असं बोलल्या. "बाबा रे, तू माझ्या दाराक इलंस. मी तुका वळखूक नाय, माफ कर. ह्यो भात तुझो. जेव."

"अहो, पण नाव कुणाचं घेऊ?" भटजी म्हणाले. "नावाशिवाय पोचायचं कसं?"

"तेचा नाव तेका ठावक आसा."

आणि त्या मागे वळल्याही नव्हत्या तोच एक कावळा उतरला. एकच. त्याने चोच लावली आणि थांबला नाही, खातच राहिला, आम्ही इतक्या जवळ उभे असूनही. बाकीचे झाडावरून हलले नाहीत. खडकावर शीत म्हणून उरलं नाही.

काकांनी अंगठ्याने कपाळ पुसलं. गावी जाऊन काय सांगायचं ते त्यांनाच माहीत. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चल गो बिगीन. कोंबडे सकाळपासून कोंडलेले आसत."